जिभेवरचा खटला मागे घ्या

लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही. 'जिभेवर ताबा ठेव', 'दोन घास कमी खा', 'रोज चालायला जा'. बारशाला मिळतो, साखरपुड्याला मिळतो, तेराव्याच्या जेवणातही मिळतो. ऐकणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. त्याने ते स्वतःला तुमच्याआधी आणि तुमच्यापेक्षा कठोर शब्दांत सुनावलेलं असतं.

तोच माणूस आता आठवड्याला एक सुई टोचून घेतो आणि अर्धी पोळी खाऊन ताटावरून उठतो. जिलबी समोर असते, पण हात पुढे जात नाही.

ताबा आला कुठून? महिन्याभरात माणसाचं चारित्र्य सुधारलं?

एक संप्रेरक बदललं. बस्स.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. आपल्या शरीरातला हा निरोप दोनेक मिनिटांत निम्मा विरून जातो. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण ती निम्मी व्हायला सुमारे आठवडा लागतो. ओझेम्पिक आणि वेगोव्ही या दोन्ही नावांमागे हेच औषध आहे. मौन्जारोतलं तिरझेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचं काम करतं. 'पुरे' हा शब्द ज्याच्या मेंदूपर्यंत कधी धड पोहोचतच नव्हता, त्याला तो आता आठवडाभर ऐकू येतो.

या घराण्यातल्या पहिल्या औषधाचं मूळ गिला मॉन्स्टर या विषारी अमेरिकी सरड्याच्या लाळेत आहे. डॉ. जॉन एंग यांनी त्यातला एक्सेंडिन-४ हा घटक १९९२ मध्ये जगासमोर आणला आणि त्यावर बेतलेलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपदेशाला जे जमलं नाही, ते सरड्याच्या लाळेने दाखवून दिलं.

हे नुसतं पोट भरल्यासारखं वाटणं नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तीस लठ्ठ लोकांना बारा आठवडे सेमाग्लुटाइड दिलं आणि समोर अन्न ठेवून सांगितलं, हवं तेवढं खा. औषधावर असताना त्यांनी २४ टक्के कमी उष्मांक घेतले. शिवाय तेलातुपाच्या पदार्थांकडे असलेला ओढा कमी झाला आणि खाण्यावर आपला ताबा आहे असं त्यांना वाटू लागलं. ताबा औषधाच्या मागोमाग आला. इतकी वर्षं आपण तो औषधाच्या जागी मागत होतो.

ही औषधं घेणारे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: डोक्यातली बडबड थांबली. नाश्ता करताना दुपारच्या डब्याचा विचार, डबा खाताना संध्याकाळच्या भजीचा, रात्री अंथरुणात फ्रिजमधल्या उरलेल्या शिऱ्याचा. दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं. ज्यांच्या डोक्यात ही बडबड कधी नव्हतीच, त्यांना हे वर्णन अतिशयोक्त वाटतं.

आणि नेमके तेच लोक संयमाचे धडे देत आले आहेत.

माझ्या ओळखीत एक शिक्षिका आहेत. मधुमेह जुना, वजन जास्त, डॉक्टरांनी विचार करून औषध सुरू केलं. पूर्वी त्या दिवाळीच्या फराळाचे डबे सर्वांत वरच्या फळीवर ठेवायच्या, स्टूल घेतल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी. रात्री उशिरा स्टूल सरकल्याचा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुलं हसायची. यंदा डबा ओट्यावरच राहिला, झाकणसुद्धा नीट लागलेलं नव्हतं आणि शंकरपाळ्या मऊ पडल्या. नकोशा झाल्या होत्या असं नाही, त्या सांगतात. शंकरपाळ्या तिथे आहेत हेच आठवलं नाही.

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारीक झाल्याचा आनंद त्यात थोडा होता. जास्त होता तो राग. आयुष्यभर स्वतःला हावरट समजल्याचा राग.

त्या रागाचं उत्तर कोण देणार?

उत्तर देणं दूरच, नवा आरोप तयार आहे. 'शॉर्टकट मारला.' घाम न गाळता वजन उतरवलं, म्हणजे ते खरं नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी कधी म्हटलंय, की शॉर्टकट घेतलास, मीठ सोडून दाखवायचं होतंस? लठ्ठपणाच्या बाबतीत मात्र आजार बरा होणं पुरत नाही. आधी शिक्षा भोगायला हवी.

काही वर्षांपूर्वी अख्खा महाराष्ट्र दर दोन तासांनी खायचं की दिवसातून दोनदाच, यावर भांडत होता. एका बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, दुसऱ्या बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. घराघरांत पक्ष पडले, व्हॉट्सॲपवर लढाया झाल्या. दोन्हीकडच्या अनेकांना फायदा झाला, त्यांचं कौतुक झालं. ज्यांना पाळता आलं नाही, ते गुपचूप बाजूला झाले आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. वेळापत्रक पाळायला आधी डोकं शांत लागतं.

गंमत म्हणजे औषधाने येणारी ही शांतता ताटापुरती राहत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत दारूच्या आहारी गेलेल्या ४८ जणांवरचा छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी मात्रेत सेमाग्लुटाइड मिळालेल्यांची नऊ आठवड्यांत दारूची तल्लफ आणि एका बैठकीत रिचवली जाणारी दारू, दोन्ही कमी झाल्या. प्रयोग छोटा आहे, त्यावरून कुणी दारू सोडायला ही सुई घेऊ नये. पण जिलबी आणि पेग यांची ओढ मेंदूत शेजारीशेजारी राहत असावी, एवढं त्यातून वाटतं. दोघांनाही आपण आजवर एकच औषध देत आलो. शरम.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे सदर कंपनीचं पत्रक होईल.

हाव शमणं वेगळं आणि अन्नाची शिसारी येणं वेगळं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, जुलाब हे या औषधांचे नेहमीचे त्रास आहेत. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून मात्रा पायरीपायरीने चढवतात. वेगोव्हीची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते, साधारण चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी ती २.४ पर्यंत जाते. 'लग्न दोन महिन्यांवर आलंय, जरा लवकर वाढवा' असा हट्ट धरणारे आहेत आणि तो पुरवणारेही आहेत. मग वधू मेंदीच्या दिवशी बेसिनपाशी उभी असते.

आणि नवी औषधं म्हटल्यावर जुन्यांचा इतिहास आठवायलाच हवा. फेन-फेन नावाची जोडगोळी अमेरिकेत तुफान चालली, हृदयाच्या झडपा बिघडू लागल्यावर १९९७ मध्ये तिच्यातलं फेनफ्लुरामिन बाजारातून काढावं लागलं. रिमोनाबँट युरोपात २००६ मध्ये आलं. तेही खाण्याची ओढ कमी करायचं, पण रुग्ण नैराश्यात जाऊ लागले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते थांबवलं. भूक मारायला गेले आणि जगण्याची ओढच मारून बसले. आजची औषधं त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त तपासलेली आहेत. तरीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देणारा माणूस, मग तो जिमचा ट्रेनर असो की पार्लरवाली, तुमचा हितचिंतक नाही.

आता आपल्या घरात या.

आपण भूक लागली म्हणून जेवतो का? एक वाजला म्हणून जेवतो. पाहुणे आले म्हणून खातो. साहेबांचा वाढदिवस म्हणून समोसा घेतो. उरलं म्हणून संपवतो, आणि हे शेवटचं काम बहुतेक घरांत बाईकडे असतं. वाटीभर भात, चमचाभर भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. 'वाया कशाला घालवायचं?' तिच्या वजनाचा हिशेब करताना ही वाटी कुणी धरत नाही.

सुईने भूक गप्प बसते. आग्रह गप्प बसत नाही.

'एवढंसंच? आवडलं नाही वाटतं.' 'माझ्या हातची एक तरी घे.' औषधावर असलेल्या माणसाचं जठर संथ झालेलं असतं. आग्रहाने वाढलेली तिसरी पुरणपोळी तिथे तासन्‌तास बसून राहते आणि रात्री उलटून पडते. प्रेमाने वाढता ना? मग प्रेमानेच हात आवरा.

उपवासवाल्यांसाठी एक सूचना, अगदी गंभीरपणे. या औषधाच्या जोडीला इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी वगैरे करू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

खरी काळजी ताटाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. भात, पोळी, पोहे, साखर. प्रथिनं आधीच कमी. आता भूक निम्मी झाल्यावर काय होतं? दुपारचं जेवण 'नको वाटतं' म्हणून टळतं. आमटीची वाटी तशीच राहते. चार वाजता चहा येतो, त्यात दोन मारी बिस्किटं बुडवली जातात. रात्री थोडा मऊ भात. काट्यावर वजन उतरतं, घरचे खूश होतात.

उतरतं काय, हे कोण बघतं?

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत काही रुग्णांची शरीररचना यंत्रावर मोजली होती. घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात स्नायूही आले. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या पन्नाशीच्या बाईला मांडीचे स्नायू गमावणं परवडतं का?

आपल्याकडे तर ही बाब दुप्पट महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक भारतीयांच्या बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबीने भरलेल्या शरीराबद्दल कित्येक वर्षं सांगत आहेत. २००४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा सारखा, माल वेगळा. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी, त्याने उधळपट्टी करायची नसते.

म्हणून या औषधावर असाल तर ताटातला क्रम बदला. आधी अंडं, मासा, मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, जे तुमच्या घरात चालतं ते. भात-पोळी नंतर, पोटात जागा उरली तर. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचला. हे साडीतल्या काकूंनाही लागू आहे. चिठ्ठी लिहून देणाऱ्या किती डॉक्टरांना हे पाच वाक्यांत सांगायला वेळ असतो? ज्यांना नसतो, त्यांनी चिठ्ठी लिहू नये.

मग सुई थांबवण्याची वेळ येते. पैसे संपतात, त्रास होतो, किंवा 'झालं की आता' असं वाटतं.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच मोठ्या चाचणीत १९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडवर सरासरी १४.९ टक्के वजन घटलं, खोट्या औषधावर २.४ टक्के. पुढे औषध थांबवलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला. घटलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. औषधाची मात्रा संपली की डोक्यातली बडबड पुन्हा सुरू होते, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. कधी कधी औषध चालू असतानाही ती परत येते. अमेरिकेत एका रुग्णाच्या मेंदूत आधीच बसवलेल्या तारांमधून तिरझेपाटाइडचा परिणाम नोंदवता आला. काही महिने मेंदूतल्या हव्यासाच्या भागात शांतता होती, मग तिथले संकेत पुन्हा वाढले आणि खाण्याचे विचारही. रुग्ण एकच, त्यामुळे निष्कर्ष काढण्याची घाई नको. पण 'घेतली सुई, सुटलो' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि वजन परतलं की आपण काय म्हणतो? 'बघा, शेवटी जिभेवर ताबा नाहीच.'

रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर आपण गोळीचं महत्त्व ओळखतो. इथे मात्र रुग्णाची लायकी काढतो.

मग पैसा. मौन्जारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा सर्वांत छोट्या मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांची होती, महिन्याला अशा चार लागतात. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं, सुरुवात महिन्याला सतरा हजारांच्या पुढे. पुढे किंमत उतरवावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मौन्जारो हे विक्रीच्या रकमेत देशातलं पहिल्या क्रमांकाचं औषध ठरलं, एका प्रतिजैविकालाही मागे टाकून. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली. स्वस्त झालं तर उत्तमच. मधुमेह आणि वाढलेलं पोट दोन्ही असलेल्या रिक्षावाल्याला ते मिळायला हवं, फक्त वांद्र्याच्या फ्लॅटमधल्या बारीक माणसाला आणखी बारीक व्हायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं मधुमेहासोबत लठ्ठपणा आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी अत्यावश्यक यादीत घातली. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ती कधी मिळणार, हे विचारायला कुणी आमदार उभा राहिलाय का?

देशात पोटाचा लठ्ठपणा असलेले सुमारे ३५ कोटी लोक आहेत, असा आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. ३५ कोटी माणसांचं चारित्र्य एकाच वेळी ढासळलं, असं अजूनही कुणाला म्हणायचंय?

मग ढासळलं काय? आजूबाजूचं अन्न.

ओढ कमी करणारं औषध आल्याबरोबर ओढ निर्माण करणाऱ्यांची धावपळ बघा. अमेरिकेत ही औषधं सुरू झालेल्या घरांचा किराण्यावरचा खर्च सहा महिन्यांत पाच-सहा टक्के कमी झाला आणि चिप्ससारख्या पदार्थांवरचा सुमारे दहा टक्के, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांना दिसलं. २०२४ मध्ये नेस्लेने तिथे या औषधांवरच्या ग्राहकांसाठी प्रथिनंवाल्या गोठवलेल्या जेवणांची वेगळी मालिका काढली. ही तीच मॅगीवाली नेस्ले. आधी चटक विकायची, मग चटक सुटल्यावर खायचा डबा विकायचा.

आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांचं पाकीट टांगलेलं असतं. मीठ, साखर, तेल किती, ते पाकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात छापलेलं. आठ वर्षांच्या मुलाने ते वाचून जिभेवर ताबा ठेवावा, अशी अपेक्षा आहे का? ही माहिती पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक यावी, यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. जुलैमध्ये आणखी तीन महिने मागून घेतले गेले.

सेमाग्लुटाइड स्वस्त व्हायला पेटंट संपण्याची वाट बघावी लागली. पाकिटाच्या मागची दोन ओळींची माहिती पुढे आणायला कुणाचं पेटंट आडवं येतंय?